व्हिडिओ समोर असूनही पात्र का तरंगतं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: संगणकावरच्या ॲनिमेशनमध्ये खुर्चीत बसलेला एक म्हातारा उठतो आणि दारापर्यंत चालत जातो. पात्र ठेंगणं, डोकं मोठं, पाय आखूड. तुम्ही स्वतः अभिनय करून फोनवर व्हिडिओ घेतलात, तो रिगच्या (पात्राच्या संगणकातल्या, हलवता येणाऱ्या सांगाड्याच्या) मागे लावलात आणि दर चौथ्या फ्रेमला पोझ जुळवत गेलात. तीन आठवडे घालवूनही पात्राला वजन नाही, ते पाण्यातून चालल्यासारखं दिसतं. त्यात कुणीतरी म्हणालं की व्हिडिओ बघून करणं म्हणजे नुसती नक्कल.

नक्कलेचं आधी उरकून टाकते. १८७८ मध्ये एडवर्ड मायब्रिजनं ओळीनं कॅमेरे लावून धावत्या घोड्याचे फोटो काढले. चारही पाय हवेत असतात तेव्हा ते पोटाखाली गोळा झालेले असतात, हे त्या फोटोंतून दिसलं. त्याआधीचे चित्रकार पुढचे पाय पुढे आणि मागचे मागे फाकवून घोडा उडवायचे, आणि ही आयुष्यभर घोडे पाहिलेली माणसं होती! मॅक्स फ्लायशरनं १९१५ मध्ये रोटोस्कोपच्या, म्हणजे फिल्मची एकेक फ्रेम कागदावर गिरवायच्या यंत्राच्या, पेटंटसाठी अर्ज केला. त्याचा भाऊ डेव्ह विदूषकाचा पोशाख घालून कॅमेऱ्यापुढे नाचला आणि त्या फिल्मवरून को-को विदूषक कागदावर उतरला. डिस्नेच्या १९३७ च्या ‘स्नो व्हाइट’साठी पुढे मार्ज चॅम्पियन या नावानं ओळखली गेलेली तरुण नर्तकी कॅमेऱ्यापुढे राजकन्या होऊन वावरली. म्हणजे बघून करण्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. पण तिथल्या ॲनिमेटरांना एक गोष्ट लवकर उमगली. फिल्मची फ्रेम जशीच्या तशी गिरवली की पात्र निर्जीव होतं. तीच फिल्म समजून घेऊन, मग बाजूला ठेवून काढलं की त्यात जीव येतो. तुमचं दुखणं हेच आहे, फक्त कागदाच्या जागी रिग आहे.

आता ‘दर चौथ्या फ्रेमला’ या शब्दांकडे या. माझ्या मते तुमचा शॉट तिथंच गेला. समजा टाच जमिनीला लागते ती १८ व्या फ्रेमला. तुमच्या की, म्हणजे तुम्ही हातानं पोझ पक्की केलेल्या फ्रेम, आहेत १६ आणि २० वर. १६ ला टाच हवेत, २० ला पाऊल सपाट, आणि मधल्या तीन फ्रेम संगणकानं गुळगुळीत भरून काढल्या. टाच ‘लागली’च नाही, ती हळूच विरघळली. कंबर सर्वांत खाली जाते ती २१ व्या फ्रेमला. तुमच्याकडे २० आणि २४ आहेत, म्हणून तो तळही छाटला गेला. असं पूर्ण शॉटभर झालं. माणसाचं वजन आपल्याला दिसतं ते जिथं गती अचानक बदलते त्या फ्रेमवर: पाय टेकला, कंबर थांबली, हातानं दिशा बदलली. सारख्या अंतरानं की टाकत गेलं की नेमक्या त्याच फ्रेम निसटतात. प्रत्येक पोझ व्हिडिओशी जुळते आणि तरी पात्र तरंगतं, ते यामुळे.

म्हणून व्हिडिओतून घटना उचला, पोझ नंतर. कुठं काय लागलं, काय सुटलं, कोण कुणाच्या आधी निघालं. घटना कधी तीन फ्रेमच्या अंतरानं येतील, कधी अकरा. त्या जिथं आहेत तिथंच की पडली पाहिजे.

पण त्याआधी तुमचा व्हिडिओ खरं बोलतोय का, ते तपासा. फोनचे व्हिडिओ वेळेच्या बाबतीत सर्रास थापा मारतात. बरेच फोन उजेड कमी झाला की फ्रेमची गती आपोआप वरखाली करतात. असा व्हिडिओ माया किंवा ब्लेंडरसारख्या ॲनिमेशनच्या सॉफ्टवेअरच्या टाइमलाइनवर टाकला की तो काही ठिकाणी पुढे पळतो, काही ठिकाणी रेंगाळतो. माझ्या सुरुवातीच्या दिवसांत मी सेकंदाला ३० फ्रेमच्या गतीचा व्हिडिओ सेकंदाला २४ फ्रेमच्या टाइमलाइनवर फ्रेमला फ्रेम लावून चार दिवस काम केलं. सगळं सव्वापट मंद झालं होतं आणि मी मात्र ‘पात्र आळशी का वाटतंय’ म्हणून ग्राफ एडिटरमधल्या, हालचालीची गती दाखवणाऱ्या वक्ररेषा खेचत बसले होते.

शक्य असेल तर थेट २४ वर चित्रित करा. नाहीतर १२० वर घ्या, कारण त्यातली दर पाचवी फ्रेम उचलली की बरोबर २४ मिळतात. ६० वर घेतलंत तर प्रमाण अडीच येतं. मग कधी दुसरी फ्रेम उचलली जाते, कधी तिसरी, आणि सरळ जाणारा हातही किंचित अडखळताना दिसतो. हँडब्रेकसारख्या व्हिडिओ रूपांतराच्या साधनातून स्थिर २४ च्या गतीची प्रत काढायला दोन मिनिटं लागतात. स्लो मोशन सुंदर दिसतं, बारकावे बघायला छानच, पण टायमिंग नेहमी खऱ्या गतीच्या प्रतीवरूनच घ्या.

कॅमेरा जवळ ठेवू नका. फोनची नेहमीची लेन्स रुंद असते. दोन मीटरवरून घेतलंत तर पुढे आलेला हात भोपळ्याएवढा होतो आणि ती खोटी पोझ तुम्ही रिगमध्ये इमानदारीनं उतरवता. चार-पाच मीटर मागे जा, थोडं झूम करा, कॅमेरा कमरेच्या उंचीवर स्थिर ठेवा. पाय फ्रेमबाहेर जाऊ देऊ नका. किती जण पाय कापतात आणि मग चाल अंदाजानं करतात! दुसरा फोन मिळाला तर तो बाजूनं लावा आणि सुरुवातीला एक टाळी वाजवा, म्हणजे दोन्ही व्हिडिओ आवाजावरून जुळवता येतील. ढगळ कपडे नकोत. पट्ट्याच्या जागी रंगीत चिकटपट्टी लावली तर कंबर कधी कशी कलते ते एका नजरेत कळतं. उजेड भरपूर हवा, नाहीतर हाताच्या जागी नुसता धूसर फराटा मिळतो. चपला-बुटांचाही विचार करा. पात्राला जाड टाचेचे बूट आणि व्हिडिओत तुम्ही अनवाणी, असं असेल तर टाचेचं सगळं गणित वेगळं होतं.

वजनाबद्दल एक जुनी आठवण. एका शॉटमध्ये पात्राला जड पेटी उचलायची होती. मी रिकामं खोकं घेऊन व्हिडिओ केला, तोंड वेडंवाकडं करून, गुडघे थरथरवून. शॉट पाहिल्यावर सुपरवायझरांनी एकच विचारलं, “पेटीत काय आहे?” मी म्हटलं, “पुस्तकं.” ते म्हणाले, “मग ती खोक्यात भर आणि परत ये.” भरली. साधारण दहा-बारा किलो झालं असेल. दुसरा व्हिडिओ बघताना मला माझीच लाज वाटली. रिकाम्या खोक्याच्या वेळी माझे पाय दूरच राहिले होते, मी कंबरेतून वाकून नुसते हात पुढे केले होते. भरलेल्या खोक्यासाठी न सांगता पाय खोक्याला भिडले आणि फाकले. हाताची पकड बसली, कोपर ताणून सरळ झाले, खांदे खाली ओढले गेले, आणि एवढं होईपर्यंत खोकं तसूभरही हललं नव्हतं. मग ते सुटलं. चेहऱ्यावर मात्र जवळपास काहीच नव्हतं. खरं ओझं उचलणारा माणूस चेहरे करत बसत नाही. ओझं हलण्याआधीच्या त्या आठ-दहा फ्रेम मी अभिनयानं कधीच शोधू शकले नसते. तेव्हापासून माझा नियम आहे, वस्तू खोटी असेल तर शरीरही खोटं बोलतं. (पाठीला झेपेल एवढंच उचला. दहा किलोत सगळं दिसतं, पन्नासाची गरज नाही.)

तुमच्या म्हाताऱ्यालाही हेच लागू आहे. तुम्ही तरुण. तुमचं शरीर खुर्चीतून विनासायास उठतं आणि त्यावर तुम्ही म्हातारपण पांघरलंत: वाकलेली पाठ, थरथरता हात. व्हिडिओत दिसला तो म्हातारपणाचा मुखवटा. म्हाताऱ्या माणसाची खरी अडचण मांड्यांतली ताकद कमी असणं ही आहे. बाकी सगळं त्यातून येतं. म्हणून खुर्ची बदला. जमेल तेवढी बुटकी, बूड खोल रुतेल अशी घ्या. पाठीवर पुस्तकांची पिशवी अडकवा. आता तुम्हाला अभिनय करावा लागणार नाही. हात आपोआप खुर्चीच्या दांड्यांवर जातील, एक झोका घ्यावा लागेल, कदाचित पहिला प्रयत्न फसून तुम्ही परत बसाल. तो फसलेला प्रयत्न ठेवाच. शॉटमधली सर्वांत बोलकी गोष्ट तीच ठरेल.

आता व्हिडिओ वाचायचा कसा. आधी तो खऱ्या गतीनं दहा वेळा नुसता बघा, काही लिहू नका. मग फक्त कंबर बघत एकदा पूर्ण जा. पुढच्या फेरीला फक्त पावलं. मग छाती, मग डोकं, मग हात, शेवटी डोळे. सगळं एकदम बघायला गेलं की नजर चेहऱ्यावर चिकटते आणि कंबर, जिथून सगळं निघतं, ती नजरेतून सुटते. फ्रेम पुढे-मागे करायला कुठलंही साधन चालेल. यूट्यूबवरचा व्हिडिओ थांबवून स्वल्पविराम आणि पूर्णविरामाच्या कळांनीसुद्धा एकेक फ्रेम सरकते. साधनांवर फार वेळ घालवू नका.

सोबत कागद हवा. खुर्चीतून उठण्याच्या माझ्या एका जुन्या व्हिडिओचं टिपण असं होतं:

१ – नजर दाराकडे. मान जागेवर.
५ – पापण्या मिटल्या. उघडता उघडता मान वळली.
१४ – टाचा मागे, गुडघ्यांच्या आत.
२० – छाती पुढे झुकायला लागली.
२९ – नाक पायाच्या बोटांच्या वर.
३१ – बूड सुटलं.
३८ – कंबर पुढे, मग वर.
५२ – उभी. तोल किंचित मागे गेला.
५८ – पहिलं पाऊल.

प्रत्येक ओळीशेजारी अंगठ्याएवढं काडीचित्र. चित्र वाईट असलं तरी चालेल, ते फक्त तुमच्यासाठी आहे. पण ते काढाच, कारण काढताना हाताला निवड करावी लागते आणि त्या निवडीतच शॉट कळतो.

या टिपणात १४ ते ३१ हा भाग नीट बघा. नवशिके बूड खुर्चीतून सरळ वर उचलतात, लिफ्टसारखं. शरीर तसं करूच शकत नाही. बसलेल्या माणसाचा भार खुर्चीवर असतो, आणि उठायचं तर तो आधी पावलांवर यायला हवा. त्यासाठी पावलं मागे येतात, धड पुढे जातं, आणि डोकं बोटांच्या वर पोचल्याशिवाय बूड सुटत नाही. हवं तर आत्ता खुर्चीत ताठ बसा, पाय पुढे ठेवा आणि पुढे न झुकता उठून बघा. उठता येणार नाही. व्हिडिओमधलं ‘का’ शोधणं म्हणजे हे. एकदा कारण कळलं की लठ्ठ, गर्भवती किंवा जखमी, कुठल्याही पात्राला उठवता येतं, कारण भार पावलांवर आणण्याची अडचण सगळ्यांची सारखी असते. प्रत्येकाचा मार्ग तेवढा वेगळा.

फसलेल्या प्रयत्नाचंही गणित बघा. बूड दहा सेंटिमीटर वर गेलं आणि पाय सुटले, तर खाली पडायला २४ च्या गतीनं जेमतेम साडेतीन फ्रेम लागतात. तीस सेंटिमीटरला सहा. विद्यार्थी तिथं सहज दहा फ्रेम देतात आणि मग वजन कुठं गेलं म्हणून शोधत बसतात. खाली पडणाऱ्या गोष्टीला गुरुत्वाकर्षण सूट देत नाही. ती आधाराला धरून सावकाश टेकत असेल तरच वेळ लागतो, आणि मग तो आधार दिसला पाहिजे: दांडीवर ताणलेला हात, वर आलेला खांदा.

तुमच्या पात्राची ठेवण तुमच्यासारखी नाही, हा पुढचा पेच. त्याचा पाय तुमच्या निम्मा असेल तर तुमच्या एका पावलात तुम्ही कापलेलं अंतर त्याला दोन पावलांत कापावं लागेल. पावलांचा ठेका आणि अंतर दोन्ही व्हिडिओतलं घेतलंत की पाऊल जमिनीवर घसरतं. त्यातलं एक निवडा. इथं मी ठेका राखीन आणि दार जवळ आणीन; दिग्दर्शक सहसा दार हलवायला तयार असतात. डोकं मोठं असेल तर धड पुढे झुकण्याआधी मान जास्त पुढे जाईल आणि थांबताना डोकं उशिरा थांबेल. हे तुमच्या व्हिडिओत दिसणारच नाही, कारण तुमचं डोकं तेवढं जड नाही. आणि राक्षस किंवा बुटके करताना एक मोजमाप कामी येतं: आकार चौपट झाला तर हालचालीचा काळ चौपट नाही, दुप्पट होतो. म्हणजे चार माणसांएवढ्या उंच राक्षसासाठी व्हिडिओ निम्म्या गतीवर चालवून बघा. सुरुवात तरी बरोबर जागेवरून होईल.

संवादाचा शॉट असेल तर पद्धत थोडी बदलते. आधी आवाज इतका ऐका की शब्द ऐकू येणं बंद होऊन श्वास ऐकू यायला लागतील. मग वीसएक टेक घ्या. पहिल्या चार-पाचांत ‘तू’ म्हटलं की बोट पुढे आणि ‘मी’ म्हटलं की हात छातीवर, हेच मिळतं; ते सगळ्यांच्या डोक्यात आधीपासून साचलेलं असतं. कंटाळा आल्यावर, कॅमेरा विसरल्यावर जे होतं ते कामाचं. दोन टेक जोडायचा मोह होतो, सातव्याची सुरुवात आणि बाराव्याचा शेवट. जोडा, पण जोडाच्या जागी भार कोणत्या पायावर आहे ते बघा. सातव्यात डाव्यावर आणि बाराव्यात उजव्यावर असेल तर मधला तोलबदल तुम्हालाच घडवावा लागेल, नाहीतर तिथं पात्राला अदृश्य धक्का बसतो. डोळ्यांबद्दल एवढंच: नजर एका जागेवरून दुसरीकडे उडी मारते, एक ते तीन फ्रेममध्ये; सावकाश सरकणारी बुबुळं कशाचा तरी पाठलाग करतानाच शोभतात.

टिपण झालं, चित्रं झाली की त्यांवरून ब्लॉकिंग करा, म्हणजे मुख्य पोझ रिगवर मांडा, आणि व्हिडिओ लपवा. खरंच लपवा, खिडकीच्या कोपऱ्यातही नको. पहिल्या फेरीत टायमिंग टिपणातलं जसंच्या तसं ठेवा, कारण आपली अटकळ बहुतेक वेळा सगळ्या गोष्टी सारख्या लांबीच्या करते आणि माणसं तशी हलत नाहीत. मग शॉट चालवून बघा आणि तिथून पुढे तुमचं राज्य. पाठीचा बाक वाढवा. खऱ्या माणसाच्या चाळीस बारीक हालचालींतल्या सहा ठेवा आणि बाकीच्या काढून टाका. व्हिडिओत त्या चाळीसही शोभतात, कारण तिथं त्वचा आहे, कापड आहे, श्वास आहे. साध्या रिगवर त्यांचा नुसता खळखळाट होतो. थांबा आहे तिथं चार फ्रेम जास्त थांबा, निघायचं आहे तिथं दोन फ्रेम लवकर निघा. शेवटच्या घासकामाला व्हिडिओ परत उघडा, पण ठरलेला प्रश्न घेऊन: टाच उचलताना बोटं कधी वाकतात? मनगट कोपराच्या किती मागे राहतं? उत्तर मिळालं की बंद करा.

कॅमेऱ्यापुढे लाज वाटते असंही तुम्ही लिहिलंय. मग दुसऱ्याला उभं करा, पण त्याला पोझ सांगू नका, परिस्थिती सांगा. ‘वाकून उठ’ म्हटलंत तर तुमचीच कल्पना परत मिळेल. ‘दारावर कुणीतरी आलंय, ते निघून जाण्याआधी पोचायचंय, पण गुडघा दुखतोय’ एवढं सांगा आणि गप्प बसा.

तुमचा शॉट मी हातात घेतला तर सगळ्या मधल्या की काढून टाकीन आणि कंबर व दोन पावलं एवढंच ठेवीन, हात आणि चेहरा लपवून. टाचा मागे येतात का, आल्या तर बूड सुटण्याच्या पुरेशा आधी येतात का, ते बघेन. मग दाराकडची पावलं आखूड करीन, दोन्ही पाय एकदम जमिनीवर असण्याचा काळ वाढवीन आणि टाच जिथं टेकते त्या प्रत्येक फ्रेमवर की टाकीन, ती फ्रेम चौथी असो वा सतरावी. हात नसलेलं ते धूड जड वाटायला लागेपर्यंत मी हात परत दाखवणार नाही.